जुरांदिरचा आकडा कमी का होता

सोमवार, १४ ऑगस्ट २०१७. सकाळी नऊ वाजता आपल्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक ओझियास यांनी खेळाडूंच्या रक्ततपासणीचे आकडे कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारावर चिकटवले. तपासणी माझ्या प्रयोगशाळेची. परवानगी कोणी मागितली नाही. त्याच दिवशी मी लेखी तक्रार दिली. तिची पोचसुद्धा मिळालेली नाही.

यादीच्या तळाशी नाव होते जुरांदिर प्रातेस. उजव्या बाजूचा बचावपटू, वय तेहतीस, दगडखाणीतल्या मजुराचा मुलगा, अकरा वर्षे याच क्लबात. सुई पाहून इतर खेळाडू तोंड फिरवत. हा आपणहून बोट पुढे करी आणि मला म्हणे, "घ्या डोना इल्झा, तुमचा हप्ता!"

स्नायूंना ताण बसला की त्यांतले एक प्रथिन रक्तात झिरपते. सामन्यानंतर सोमवारी आम्ही तेच मोजतो. नवख्याच्या शरीरातून ते पुष्कळ झिरपते, वर्षानुवर्षे कसलेल्या शरीरातून थोडे. इतरांचे आकडे आठशेच्या आसपास होते, जुरांदिरचा दोनशे दहा. त्याच्या मेहनतीची ती पावती होती. ओझियास यांनी ती उलटी वाचली.

"दोनशे दहा? काय रे, काल मैदानात होतास की प्रेक्षकांत?"

"प्रोफेसर, नव्वद मिनिटं पळालो." प्रशिक्षकाला खेळाडू प्रोफेसरच म्हणतात.

"रक्त खोटं बोलत नाही, बाबा. करार वाढवून हवा ना? मग पुढच्या सोमवारी आकडा दाखव."

मी दोन पानांचा खुलासा लिहून दिला. दुसऱ्या दिवशी त्यावर कॉफीचा कप ठेवलेला दिसला.

गुरुवारी जुरांदिर प्रयोगशाळेत आला. "हा आकडा वाढतो तरी कशानं, डोना इल्झा?"

मी चिडलेली होते. "सवय नसलेल्या कामानं. सिमेंटचं पोतं घे खांद्यावर आणि टेकडी उतरत बस!"

तो हसला. मला वाटले, विषय संपला.

त्या आठवड्यात सामना शनिवारी झाला. रविवारी भर उन्हात, पन्नास किलोचे पोते घेऊन, तो चर्चमागची टेकडी बावीस वेळा उतरला. हे त्याच्या बायकोने, नेउझाने, मला नंतर सांगितले. "मी ओरडले, अरे, वेड लागलंय का तुला? तर म्हणतो, एक वर्ष गं, एकच वर्ष मिळू दे."

सोमवारी यंत्राला आकडा वाचताच आला नाही. तो त्याच्या मर्यादेपलीकडे गेला होता. माझ्या हातातला कागद पाहून ओझियास यांनी टाळी वाजवली. "बघा! मनावर घेतलं की जमतं!" त्या वेळी जुरांदिर शौचालयात भिंत धरून उभा होता आणि त्याला काळपट लघवी होत होती. फाटलेल्या स्नायूंतून सुटलेल्या प्रथिनांनी मूत्रपिंडे निकामी केली. ती पुन्हा सुधारली नाहीत. आता आठवड्यातून तीनदा तो बसने शहरात जातो आणि चार चार तास यंत्राला जोडून पडून राहतो.

क्लबच्या दप्तरी नोंद आहे: 'सुट्टीच्या दिवशी खेळाडूने स्वतःहून केलेला अविचार.' ते पोत्याचे शब्द माझे होते, हे मी चौकशीत सहीनिशी कबूल केले. ओझियास यांनी काहीही कबूल केले नाही. त्यांचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला गेला.

सभासदहो, येत्या गुरुवारच्या सर्वसाधारण सभेत हात वर करा, ती नोंद रद्द करा आणि तिच्या जागी 'क्लबच्या आदेशापायी झालेली इजा' असे लिहायला लावा. दोषींत माझे नाव घालायचे असेल, तर तेही घाला.