कोयत्याचं पाणी

पाथर्डीकडच्या एका गावात लोहारांची एक आळी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या कोयते तिथूनच नेतात. या लोहारांचं क्लस्टर करायचं, रस्त्याकडेला शेड बांधून सगळ्यांत मिळून एक यंत्र बसवायचं, अशी सरकारी योजना होती. लोहारांची यादी करून सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं.

आळीतल्या पहिल्याच भट्टीवर एक बाई घण मारत होती. नवरा ऐरणीवर कोयता फिरवायचा आणि तिचा घण नेमका हवा तिथंच पडायचा. मी योजना सांगत होतो, पण तिने एकदाही मान वर केली नाही.

मग लाल कोयता सांडशीत धरून ती तशीच समोरच्या घरी गेली. तिथे एक म्हातारे गृहस्थ रांजणापाशी बसले होते. त्यांनी कोयत्याचा रंग निरखला, तो पाण्यात बुडवला आणि काढून तिच्या हाती दिला.

"समद्या आळीच्या कोयत्यांना तात्याच पानी पाजत्यात," परत येऊन ती म्हणाली. "आमी पाजलं तर धार वळती. यादीत हायेत का तात्या?"

"त्यांची भट्टी नाही," मी म्हणालो. आमच्या नियमात भट्टी असेल तोच लोहार.

"आन् शेड कुठं?"

"दोन किलोमीटरवर."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मग लाल कोयता घिऊन तात्यांकडं पळत यायचं का आमी?"

मी तात्यांचं नाव यादीच्या समासात लिहिलं आणि कागद वर पाठवला. आठवड्याने तो परत आला. त्यावर शेरा होता : समासात लिहू नये.