वांग्यांखालचा विजेता

गोल्फ मला कळत नाही आणि आवडतही नाही. तरी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला मी नागपूरहून यवतमाळला निघाले, कारण बाबांना त्यांच्या जुन्या क्लबमधला विजेत्यांचा फलक बघायचा होता. त्यावर त्यांचं नाव आहे. पंच्याहत्तरीचा माणूस महिनाभर एकच धोशा लावतो तेव्हा गाडी काढावीच लागते. मांडीवर त्यांनी एक कापडी पिशवी धरली होती, ती डिकीत ठेवू देईनात.

वर्धा, देवळी, कळंब असं तीन तासांत पोचता येतं. आम्हाला चार लागले. बाबा चहाला थांबवतात, तो चहा बरा नाही म्हणून पुढच्या टपरीवर पुन्हा थांबवतात. कळंबचे तर्री-पोहे मात्र झकास, दोघांचे साठ रुपये. वाटेत क्लबचा सगळा इतिहास ऐकावा लागला: डावखुरे सिव्हिल सर्जन, सलग तीन वर्षं जिंकलेले वनाधिकारी, चेंडू हरवला की मैदानालाच शिव्या घालणारे वकील. तिथे हिरवळ कधी नव्हतीच. भोकाभोवती तेल कालवलेली रेती पसरायची आणि प्रत्येक डावानंतर खराट्याने सारखी करायची. ते काम क्लबचे माळी किसनराव करायचे, हे बाबांनी चारदा सांगितलं.

क्लबला कुलूप. मी आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं आणि उघडा असेल असं सांगितलं होतं, हे इथे मुद्दाम लिहिते.

"फलक व्हय?" चौकीदार म्हणाला. "तो लॉनवर हाये. लग्नवाल्यायनं नेला."

लॉनवर आचाऱ्याने फलक दोन पिंपांवर आडवा टाकून त्यावर वांगी चिरायला घेतली होती. मी वांगी बाजूला सारू लागले.

"ताई, कायले हात लावून राह्यल्या? पाचशे मानसायची भाजी हाये."

"खाली माझ्या बाबांचं नाव आहे."

"मंग वांगे तिकडून सरकवा, इकडचे धुतलेले हायेत."

सर्जन सापडले, वनाधिकारी तिन्ही वेळा सापडले, आणि एका फोडीखाली बाबा. मी फोटोसाठी मोबाइल काढला तर म्हणाले, "राहू दे. आर्णीला चल."

आणखी चाळीस किलोमीटर. कशाला ते सांगायला त्यांनी अर्धा रस्ता घेतला. फलकावर बाबांचं नाव लागलं त्या वर्षी एक खेळाडू आला नाही म्हणून किसनरावांना खेळायला घेतलं होतं आणि ते बाबांपेक्षा दोन फटके कमी घेऊन जिंकले. पण नोकराचं नाव फलकावर कसं लावणार? कमिटीने दुसऱ्या क्रमांकाचं लावलं.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"कप घेतला."

दिवसभराची चिडचिड एकीकडे आणि हा राग एकीकडे. आर्णीपर्यंत मी गाडी नुसती दामटली.

किसनराव अंगणात तूर पाखडत बसले होते. बाबांनी पिशवीतून कप काढला. "किसनराव, हा तुमचा. दोन फटक्यांनी तुम्ही जिंकला होतात."

त्यांनी कप उलटासुलटा करून पाहिला. "दोन नाही सायेब, तीन."

"दोनच. मला पक्कं आठवतं."

"रेतीवर दर फटक्याला चेंडूची रेघ उमटते. शेवटच्या भोकापाशी तुमच्या तीन रेघा होत्या. तुमी दोन सांगितल्या."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलून काय होणार होतं? खराटा मारून टाकला."

त्यांनी सुनेला हाक मारून कप आत ठेवायला दिला आणि आमच्यासाठी चहा सांगितला. बाबांनी त्या चहाला नावं ठेवली नाहीत. परतीच्या वाटेवर ते कुठेच थांब म्हणाले नाहीत.

घरी आई वैतागली, कारण त्या कपात तिच्या सेफ्टी पिना असायच्या आणि बाबांनी त्या टीव्हीच्या टेबलावर ओतून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी क्लबला अर्ज लिहिला: फलकावरचं माझं नाव काढून किसनरावांचं लावावं. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिला तेव्हा मी तो वाचला. 'दोन फटक्यांनी' असं आधी लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी वर 'तीन' केलं होतं आणि बाजूला सही केली होती.