कंपायलर गप्प झाला तेव्हा

संग्रामपूरबाहेर, शेतांच्याच विजेच्या लाइनवरच्या एका खोलीत आम्ही दोघे मित्र विहिरीवरच्या मोटारींचे ऑटो स्टार्टर बनवायचो. लाइट आल्यावर मोटार किती वेळ थांबून सुरू करायची, हे आमचा प्रोग्राम एका तक्त्यातून काढायचा.

त्या दुपारी लाइट नव्हती. लॅपटॉपवर नवा प्रोग्राम कंपाइल होईना, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरेना. त्यात ‘कॉन्स्टएक्स्पर’ हा शब्द होता. तो लिहिला की कंपायलर, म्हणजे ते भाषांतर करणारा प्रोग्राम, हिशेब तिथल्या तिथे स्वतः करून पाहतो. आमचा हिशेब तक्ता संपल्यावरही पुढचा आकडा वाचत होता. अशा वाचण्याला प्रोग्रामच्या भाषेत अर्थच नाही, म्हणून कंपायलर अडून बसला होता.

मित्राने सरळ तो शब्दच खोडला. एरर गेला.

“काऊन घाबरून राह्यला बे? झालं ना कंपाइल!”

डोंबलाचं झालं! चूक जागच्या जागी होती. आता ती मोटारीवर घडणार होती आणि तिथे अडवायला कंपायलर नव्हता. आकडा बरोबर येईल, भलताच येईल, शून्यही येईल, म्हणजे लाइट येताच मोटार सुरू.

मग आठवलं. विकलेल्या स्टार्टरच्या जुन्या प्रोग्रामात हा शब्द कधी नव्हताच. मी तो तिथे घातला. कंपायलर त्याच ओळीवर अडला; तीच चूक तिथेही होती.

त्यातला पहिला स्टार्टर माझ्या घरच्याच विहिरीवर होता. मी घरी फोन लावला.

“बाबा विहिरीत उतरले, पाइपाच्या तळचा फुटवाल काढाले,” आई म्हणाली. “लाइट आली तरी मोटर थांबून सुरू होते, तोवर निघतो म्हणे.”

डोक्यावरचा पंखा फिरू लागला.