शकीलाआपांचा बिनफ्लॅशचा फोटो

महिना होत आला. देऊळघाटहून शकीलाआपांचा भाऊ मलकापूरला माझ्या दुकानात आला, आपांनी भाड्यानं नेलेला कॅमेरा त्यानं काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "आपा गेली, भाऊ. शुक्रवारी. तापाचं निमित्त झालं..." मी कॅमेरा हातात घेतला. बॅटरी पूर्ण भरलेली, लेन्स पुसलेली. वस्तू परत करायची ती अशीच, हा आपांचा शिरस्ता.

पंधराएक वर्षं त्या लग्नांचे फोटो काढत होत्या. बायकांच्या खोलीत आम्हा पुरुषांना उंबऱ्यावरच थांबावं लागे; आपा सरळ आत जात, मुसलमानांच्या घरी आणि पाटलांच्याही. कॅमेऱ्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, म्हणून इथं लिहितो.

बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या वर्षीची गोष्ट. बीटीला अळी लागत नाही या भरवशावर राहिलेली माणसं फवारणीवर फवारणी करत होती. आपांचे शेजारी नामदेवराव यांच्या डोळ्यांत औषध गेलं. नजर अधू झाली आणि उजेड सोसेना. खिडक्यांना गोधड्या लावून ते आतल्या खोलीत बसून असत. त्यातच त्यांच्या सुनीताचं लग्न आलं. मांडवात ते येऊ शकणार नव्हते. सासरी निघताना पोरगी आत जाऊन पाया पडणार, तेवढाच बापलेकीचा फोटो. साखरपुड्याला कुणीतरी फ्लॅश मारला, तर दोन दिवस त्यांचे डोळे वाहत होते...

आपा दुकानात आल्या. "भाऊ, तुमचे दोन्ही फुल-फ्रेम कॅमेरे काढा." मी जास्त मेगापिक्सेलवाला पुढे केला. त्यांनी दोन्ही उचलले, मला मागच्या गोदामात स्टुलावर बसवलं आणि दार ओढून घेतलं. फटीतून येईल तेवढाच उजेड. दोन्हींना पन्नासची लेन्स, शटर-स्पीड सारखा, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची ताकद, चढवत चढवत बारा हजारांच्या वर. मग कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"ह्या जास्त मेगापिक्सेलवाल्यात तुमच्या दाढीचा केस न् केस दिसते," त्या म्हणाल्या, "पण सावलीत पाहा, रेती सांडल्यावानी. ते पुसाले गेलं तं चेहरा मेणाचा होते. अन् हा अंधारात फोकसच शोधत राह्यते. दुसऱ्यात दाढी जराशी मऊ आहे, पण डोळे पाहा... जित्ते हायेत."

"पण आपा, मोठी प्रिंट काढायची झाली तर?"

"मोठी कायले पायजे? हातात धरून पाहाचा फोटो आहे तो."

कमी मेगापिक्सेलचाच त्या घेऊन गेल्या.

लग्नाला मीही होतो. आपा अर्धा तास आधीच त्या खोलीत जाऊन बसल्या. सुनीता आत आली तेव्हा नामदेवरावांनी विचारलं, "आपा, फ्लॅश नाही ना?"

"नाही, भाऊ. डोळे उघडे ठेवा."

त्यांनी पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी जवळ ओढला. शटरचा आवाजसुद्धा आला नाही. दाराबाहेर उभ्या मला आपांनी नुसती मान हलवून सांगितलं, की झालं.

गेल्या आठवड्यात देऊळघाटला गेलो, तेव्हा नामदेवरावांकडे थांबलो. आता त्यांना थोडाफार उजेड सोसतो. आपांचा विषय निघाल्यावर त्यांनी उशीखालून पोस्टकार्डाएवढा फोटो काढला आणि नाकाजवळ धरून पाहत राहिले.

"त्या दिवशी मले पोरगी नीट दिसलीच नाही, भाऊ. हाताले गाल ओला लागला, मले वाटलं रडून राह्यली. आपानं हा आणून देला तवा समजलं..." त्यांनी फोटो माझ्याकडे वळवला. "पाहा. हासून राह्यली होती."