नदी टाळून जयपूरला

ये, अशी जवळ सरक. दारात कसली बसतेस पाहुण्यासारखी! आणि तो चेहरा करू नकोस, ‘म्हातारी पुन्हा गाड्यांचं काढणार’ असा. काढणारच आहे. कारण माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतका रस्त्याशी हट्टानं वागणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात दुसरा नाही. आणि असलाच, तर तो अजून कुठल्यातरी फाट्यावर विचार करत उभा असेल.

दाजींनी पस्तीस वर्षं ट्रकनं गूळ वाहिला, गुजरातला आणि राजस्थानला. किलोमीटर त्यांनी कधी मोजले नाहीत. नदी कुठं आडवी येते, पाणी पाजलेली शेतं कुठं लागतात आणि धुकं किती वाजता उठतं, एवढंच ते बघायचे. “थंडीत नदीच्या काठानं जाऊ नये. पहाटंला नदी धूर सोडती,” असं ते सांगत, जणू नदीनंच त्यांच्या कानात सांगितलंय. त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या भाच्याचा, साखरपुडा गारगोटीला होता. नवऱ्या मुलाला गाडीत बसवून दाजी नदीच्या अलीकडं धुकं उठायची वाट बघत चहा पीत बसले. तिकडं मुलीकडच्यांना वाटलं, मुलगा फिरला! तिची आजी रडायलाही बसली होती म्हणे. एकदा अक्काची दाढ दुखत होती. कसबा बावड्यातून राजारामपुरी ती कितीशी लांब? पण कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, म्हणून दाजींनी गावाला असा वळसा घातला, असा वळसा घातला, की शेवटी अक्का म्हणाली, “आता माघारीच चला की. दाढ ऱ्हायली दुखायची.”

हस, पण पुढचं ऐक. गुळाचा हंगाम थंडीतला. त्यामुळे लग्न झाल्यापासून अक्काच्या वाट्याला नवऱ्याबरोबरचा एक धड हिवाळा आला नाही. दाजी दर वर्षी म्हणायचे, “एक थंडी तुला संगं न्हेतो. माझा रस्ता दावतो.” अक्का पुण्याच्या पुढं कधी गेली नाही. गेल्या वर्षी नातीला जयपूरला नोकरी लागली आणि तिनं दोघांना बोलावलं. इकडं दाजींचं लायसन जानेवारीत संपणार होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, “एवढा हिवाळा चालवा, पुढं मी सही करणार नाही.” म्हणजे न्यायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. आणि भाच्यानं विमानाची तिकिटं काढून आणली!

“बाबा, शहात्तराव्या वर्षी असला खुळेपणा करायचा न्हाय.”

“इमानातनं काय दावू तिला? ढग?”

“पण तुम्हाला झेपणार हाय का?”

आतून अक्काच ओरडली, “मी इमानात बसत न्हाय, म्हंजे न्हाय! तिकिटं तुझी तू वापर!”

ते ऐकून मीही पिशवी भरली. माझी सून म्हणाली, “आई, तुम्ही कशाला?” मी म्हटलं, मागच्या सीटवर अक्काशी बोलायला कोण? सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आणखी कुणाकुणाची परवानगी मागायची, ते मला अजून कळलेलं नाही.

भाचा शेवटी “मग मी शेजारी बसणार” एवढ्यावर आला. “बस की,” दाजी म्हणाले, “क्लीनर लागतोयच.” बँकेत साहेब म्हणवणारा माणूस, जयपूरपर्यंत काच पुसत गेला.

रस्ता कुठला, यावर घरात आठवडाभर रण पेटलं. भाच्याच्या फोनातला नकाशा म्हणे, इंदूर-कोट्यावरून जा, जवळ पडतं. दाजी म्हणाले, “कोट्याला चंबळ हाय, वर कालवं. आपण सुरत-उदेपूरवरनं.” आणि चार सकाळी ते स्वतः हायवेवर जाऊन उभे राहिले, राजस्थानच्या ट्रकांचे दिवे बघत. धुकं लागलं की ड्रायव्हर दिव्यांना पिवळा कागद चिकटवतात, ते बघायला. “ओ पावणं, कागद किधर चिपकाया?” चौथ्या दिवशी एक जण म्हणाला, “कोटा.” दाजी घरी असे आले, जणू कुस्ती मारूनच आले.

पहिले दोन दिवस आभाळ कसं लख्ख! दाजी दर तासाला अक्काकडं मान वळवायचे आणि भाचा “पुढं बघा, पुढं!” म्हणून ओरडायचा.

“हितं टायर फुटलंतं. आणि त्या झाडाखाली तुला पत्र लिवलंतं. टाकलंच न्हाय.”

“काय लिवलंतं?”

“इसरलो,” म्हणाले. विसरले नव्हते. कान लाल झाले होते.

तिसऱ्या सकाळी भिलवाड्याच्या पुढं मात्र धुक्यानं गाठलं. असलं दाट, की आमचंच बॉनेट दिसेना. जिथं दाजींच्या वेळी माळ होता, तिथं आता कालव्याचं पाणी पोचून शेतं झाली होती. भाचा नुसती काच पुसत राहिला, हा त्याचा मोठेपणा. दाजींनी गाडी हळूहळू एका ढाब्याच्या अंगणात घेतली, बंद केली आणि म्हणाले, “धुकं चुकलंय. मी न्हाय.”

मग हळूच, “धुकं ऱ्हाऊ दे. तसंबी मला दिसत न्हाय गं आता.”

अक्का म्हणाली, “असंच बसायचासा व्हय तुम्ही? एकटंच?”

“व्हय.”

“मग आज दोघं बसू की.”

मी भाच्याला म्हटलं, चल, चहा बघू. चहाची काही घाई नव्हती.

दहाच्या सुमाराला धुकं उठलं. दोन्ही अंगाला मोहरी फुललेली, नजर पोचेल तिथवर पिवळी. अक्का खाली उतरून बघत राहिली. दाजी कुणी न सांगता पलीकडच्या बाजूनं जाऊन बसले आणि किल्ली मुलाच्या हातावर ठेवली. “चालीव. डाव्या अंगानं ऱ्हा.” तिथून जयपूरपर्यंत त्यांनी गाडी तोंडानं चालवली, ते सोड.

लायसन पुन्हा काढलं नाही. आता सकाळी अंगणात स्वेटर घालून बसतात आणि येईल त्याला विचारतात, “कुठनं आलासा? कसं आलासा?” पोरं फोन दाखवून निघून जातात. धुकं गाठलं भिलवाड्यापुढं, पण दाजी अजून कोट्यालाच माफ करायला तयार नाहीत.

आता उठतेस तर ऊठ, पण लवकर परत ये. ही थंडी आहे तोवरच ये, आणि गाडी घेऊन ये. निघताना रस्ता माहीत असला, तरी दाजींना विचार. लांबनं पाठवतील. जा तशी.