दौलतचं पथ्य

दौलत गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत फळ्यावर नकाशा काढत होतो. तो ज्या जिनिंग फॅक्टरीत कापसाचा काटा सांभाळायचा, तिथला चौकीदार सायकल भिंतीला टेकवून वर्गाच्या दारात उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की दौलतराव गेले, काट्याजवळच गेले. बोझे मोजून घेता घेता छाती दाबून खाली बसला, आणि कोणी पाणी आणेपर्यंत सगळं संपलंही होतं. मी खडू ठेवला... खरं सांगतो, मला धक्का बसला नाही. त्याचं हृदय कमजोर आहे हे मी कित्येक वर्षांपासून जाणून होतो आणि हा निरोप आज ना उद्या येणार हे मनाशी धरूनच चाललो होतो. वर्ध्याच्या कडेच्या आमच्या नालवाडीहून पलीकडच्या सिंदी मेघेला त्याच्या घराकडे निघालो तेव्हा डोळे वाहत होते, पण आत कुठेतरी समाधानही होतं, की गड्याला इथवर तरी आपण ओढून आणलं. ते समाधान आता आठवलं की माझे कान तापतात.

दौलत मूळचा वडनेरचा, शेतीवाडीच्या घरातला. शिकायला वर्ध्याला आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. मी भाकरी थापायचो, तो खायचा. कामाची ही वाटणी त्यानं पहिल्या दिवशी ठरवली आणि शेवटपर्यंत बदलू दिली नाही. जवसाच्या चटणीत बोटानं आळं करून त्यात कच्च्या तेलाची धार धरायचा आणि ते तेल भाकरीनं पुसून घेताना डोळे मिटायचा. गोळाभात म्हणजे तर त्याचा जीव की प्राण. भातात शिजलेले बेसनाचे गोळे कुस्करायचे आणि वरून कढीपत्त्याची, लाल मिरचीची तडतडती फोडणी... त्या तेलात भात बुडाला नाही तर त्याला जेवल्यासारखं वाटत नसे. पुढे मी मास्तर झालो, तो जिनिंगमध्ये लागला, दोघांची लग्नं झाली, पण आठवड्यातून एक जेवण एकत्र हा नेम सुटला नाही. मला तो चारचौघांत ‘मास्तर’ म्हणायचा आणि त्यातच सगळी चेष्टा भरलेली असायची.

छप्पन साली आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्या वर्षीची गोष्ट. दौलतचं पोट सदऱ्यात मावेनासं झालं होतं आणि जिना चढताना तो फुसफुसायचा. मलाही धाप लागायची, सकाळी डोकं जड असायचं, पण दिवसभर मुलांवर ओरडणाऱ्याला धाप लागणारच असं म्हणून मी ते उडवून लावत असे. एक दिवस तो आला आणि म्हणाला, डॉक्टराकडे जायचं आहे, एकट्याला भीती वाटते, चल. गेलो. म्हातारे डॉक्टर होते, शांत. त्यांनी दौलतला तपासलं, आणि मग दौलतच म्हणाला की हा बसलाच आहे तर याच्याही दंडाला तो पट्टा बांधून पाहा. डॉक्टरांनी पट्टा बांधला, पंप दाबला, पारा पाहिला, पुन्हा एकदा दाबला, छातीला नळी लावून ऐकलं. मग मला म्हणाले, ठीक आहे, तुम्ही बाहेर बसा. मी बाहेर बाकावर बसलो आणि आतली कुजबुज बराच वेळ चालली. दौलत बाहेर आला तो तोंड उतरवूनच.

‘मास्तर, माहं दिल कमजोर निंघालं,’ तो म्हणाला. ‘मीठ बंद, तेल बंद, तूप बंद. वजन उतरवाचं. नाई त काही खरं नाई म्हणते डॉक्टर.’

इथे माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. माझं लग्न झाल्यावर ते जेवता जेवता, घास हातात असताना गेले, आणि तेव्हा ते आजच्या माझ्याहून लहान होते. त्यानंतर मी अंथरूण धरलं. मला काहीही झालेलं नव्हतं, तरी मी रात्रंदिवस स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत पडून राहायचो. शाळा सुटली, अन्न सुटलं. दौलत तेव्हा रोज येऊन माझ्या उशाशी बसायचा आणि शेवटी त्यानंच मला हाताला धरून उठवलं, अंगणात चालवलं. हृदय हा शब्द माझ्यासाठी काय आहे हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्याचं ते ऐकल्यावर मी कळवळलो. तो म्हणाला, ‘एकट्यानं अळणी खाणं माह्याच्यानं होणार नाई. तू खाशीन त मी खाईन.’ मी तिथल्या तिथे शब्द दिला. जो माणूस माझ्यासाठी महिनोन्महिने उशाशी बसला, त्याच्यासाठी मी मीठ सोडू शकत नव्हतो का?

आणि सोडलं. ज्यानं कधी अळणी खाल्लं नाही त्याला हे कळायचं नाही. पहिले काही दिवस तोंडात माती घोळवावी तसं वाटतं. उकडलेला दुधी, लिंबू पिळलेली काकडी, ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं मुगाचं वरण, संध्याकाळी पपई. माझ्या बायकोनं, अनसूयेनं, हूं की चूं न करता चूल बदलली. एरवी भाजीत मीठ कमी पडलं असं म्हटलं तरी फणकारणारी ही बाई, तिनं एका शब्दानं विचारलं नाही की परक्या माणसाच्या पथ्यासाठी आपल्या घरात हे काऊन? मला तिचं कौतुकच वाटलं. रोज सकाळी दौलत सिंदी मेघेहून चालत यायचा आणि आम्ही दोघं शेतांच्या कडेनं लांब फिरून यायचो. रविवारी जिनिंगच्या काट्यावर वजन. आधी मी उभा राहायचो, दौलत वजनं सरकवून आकडा मोठ्यानं सांगायचा. मग तो उभा राहायचा, आणि हात लांब करून आपलं आपणच वजन पाहून सांगायचा. दरवेळी दोघांचंही थोडं उतरलेलं असायचं. ज्याच्या हातात काटा त्यालाच त्याचं वजन विचारायचं, एवढं अजागळपण शाळेतल्या पोरांनीही केलं नसतं. पण मला त्या आकड्यांवर कधी शंका आली नाही. त्याचा सदरा तसाच ताणलेला दिसायचा आणि मी मनाशी म्हणायचो, हाड मोठं आहे.

वडनेरला त्याच्या पुतण्याचं लग्न होतं तेव्हाचा प्रसंग तर आता अंगावर येतो. पंगतीत आम्ही शेजारी बसलो. आपल्याकडचा आग्रह तुम्हाला माहीतच आहे. पाहुण्यानं नको म्हटलं की वाढप्याला चेव येतो. त्याचा चुलतभाऊ तुपाचं भांडं घेऊन आला आणि दौलतच्या पोळीवर धार धरणार, एवढ्यात मी पत्रावळीवर हात आडवा घातला. कढत तूप माझ्या मनगटावर सांडलं. सगळी पंगत हसली. मी चिडून म्हणालो की याच्या जिवाशी खेळू नका, तुम्हाला काही कल्पना आहे का? तर ते लोक एकमेकांकडे पाहत गप्प झाले. मला वाटलं, वरमले. दौलतनं मुकाट्यानं कोरडी पोळी खाल्ली, माझ्या हाताला चुना लावून दिला आणि पान खाऊन येतो म्हणून मांडवामागे गेला. तो बऱ्याच वेळानं आला. तिकडे दुसऱ्या पंगतीत बसून त्यानं तूप, भजी, सगळं पोटभर खाल्लं होतं, हे मला आता कळलं आहे. त्या पंगतीतल्या प्रत्येकाला ते तेव्हाच ठाऊक होतं.

तेरवीला मी घरून डबा घेऊन गेलो होतो. त्याच्या नावाचं पान वाढतील त्यात त्याचं नेहमीचं जेवण असावं, असं मला फार वाटलं. अनसूया म्हणाली, राहू द्या. पण मी ऐकलं नाही. स्वतः दुधी उकडला, भाकरी केली. तिथे पोचलो तर स्वयंपाकघरात मोठ्या गंजात गोळाभात शिजत होता आणि कढईत फोडणीचं तेल तापलं होतं. मी कौसल्यावहिनींना, म्हणजे दौलतच्या बायकोला, म्हणालो की वहिनी, ज्या पदार्थाला त्यानं इतकी वर्षं शिवलं नाही तो त्याच्या पानात कशाला? जिवंतपणी पाळलं ते मेल्यावर मोडायचं? चुलीपाशी बसलेल्या बाया एकदम थांबल्या. वहिनींनी माझ्या हातातला डबा घेतला, बाजूला ठेवला आणि खाली मान घालून बोलल्या.

‘भाऊजी, ते सोडलंच कवा होतं त्यायनं? पथ्य तुमचं होतं.’

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मी अनसूयेकडे वळलो. ती दाराशी उभी होती, डोक्यावरचा पदर दातात धरून... आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा समजलं. पारा माझा चढलेला होता. हृदय माझं कमजोर होतं. डॉक्टरांनी आत दौलतला जे सांगितलं ते माझ्याविषयी होतं, आणि त्यानं बाहेर येऊन माझं दुखणं स्वतःच्या नावावर सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यानं अनसूयेला गाठून सगळं कळवलं होतं आणि शपथ घातली होती. वहिनींना माहीत, वडनेरच्या भाऊबंदांना माहीत, जिनिंगच्या चौकीदारालासुद्धा माहीत. ज्याच्या छातीत ते हृदय होतं, तो एकटा अडाणी राहिला.

घरी आल्यावर मी अनसूयेला विचारलं, ‘तुले माहीत होतं, अन् तू माह्या तोंडाकडं पाहत राह्यली?’

‘सांगतलं असतं त तुमी जगले असते का?’ ती म्हणाली. ‘बाबांच्या मागं तुमची काय गत झाली, मी पाह्यली हाय.’

ते ऐकून मला राग जास्तच आला. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, रोग्याला तोंडावर सांगण्याची आपल्याकडे रीत नाही, घरच्यांना सांगतात. आणि तो माणूस तर म्हणाला होता की मी याचा भाऊ आहे, मला सांगा. दौलतचं काय, असं मी विचारलं. तेव्हा ते म्हणाले की त्यालाही खाणं आवरायला सांगितलं होतं, चरबी फार आहे, असं चाललं तर पुढे जड जाईल. त्यावर तो हसून म्हणाला होता, आधी मास्तरचं पाहू.

आधी मास्तरचं पाहू! हे वाक्य ऐकून तुम्ही त्याला थोर म्हणाल. लोक म्हणतातच, गेले काही आठवडे जो भेटतो तो मला सांगतो की असा मित्र मिळायला भाग्य लागतं. मला त्या भाग्याचा संताप येतो. त्यानं मला भित्रा ठरवलं. वडिलांच्या मागे मी कोलमडलो हे खरं, पण माणूस जन्मभर तिथेच पडून राहतो का? मी त्याची कीव करत होतो, त्याच्यासाठी देवाला हात जोडत होतो, आणि तो माझ्या अंगणातून उठून बाजारात कढी-आलुबोंडा खायला जात होता. माझा त्याग म्हणून मी जे मिरवलं, ती माझ्याच औषधाची पुडी होती आणि मला ती लहान मुलासारखी गुळातून चारली गेली. आणि सगळ्यात मोठी फसवणूक ही, की मला खरं सांगितलं असतं तर मी त्याच्या पानावर खरोखर लक्ष ठेवलं असतं. दोघंही आजारी, दोघांनीही पाळायचं, असं झालं असतं. त्यानं खोटं दुखणं सांगितलं आणि खरं दुखणं माझ्यापासून लपलं. माझ्याजवळ असलेला एकच माणूस मी वाचवू शकलो असतो, तो त्यानं मला वाचवू दिला नाही... हे मी त्याला माफ करणार नाही.

गेल्या आठवड्यात मी सिंदी मेघेला गेलो. मनात ठरवूनच गेलो होतो. वहिनींना म्हणालो, आज गोळाभात करा, तो खायचा तसाच करा, मी जेवून जाणार. त्यांनी बेसन भिजवलं, गोळे वळले, भात टाकला. मी ओसरीवर बसून होतो. आत त्याच्या खुंटीला त्याची टोपी अजून टांगलेली दिसत होती. ताट आलं. वहिनींनी समोर बसून गोळे कुस्करले आणि फोडणीची पळी पूर्ण ओतली. तो वास नाकात गेला आणि आमची ती खोली, ते दिवस, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी घास केला. वहिनी माझ्या हाताकडे पाहत होत्या. नुकतंच कुंकू पुसलेलं ते कपाळ समोर होतं, आणि मला दिसलं की यांच्या हातचं असंच ताट दौलतनं रोज रिकामं केलं होतं आणि यांनी रोज ते वाढलं होतं, आणि आता या माझा घास मोजत बसल्या होत्या.

मी घास ताटात परत ठेवला. प्रेमानं नाही, रागानंच ठेवला. म्हटलं, ‘वहिनी, काही अळणी असल तर द्या. नाई त पाणी द्या.’

त्या उठल्या. चुलीच्या मागे एक झाकलेलं पातेलं होतं, ते त्यांनी माझ्यापुढे आणून उघडलं. दुधी होता, उकडलेला, नुकताच उतरवलेला. म्हणजे मी गोळाभात मागितला तेव्हाच त्यांनी तोही चढवला होता. त्या घरात माझ्याविषयी सगळं अजूनही मला न विचारताच ठरत होतं. मी जेवलो.