टाकीच्या झाकणावरचं कुंकू

धाकट्या बहिणीला सासरी पोचवायला मी ज्या गाडीतून निघालो, ती बदलापूर सोडल्यावर अंबरनाथच्या अलीकडे बंद पडली. आमच्या घरात ही गोष्ट हसत सांगतात. मी हसतो, पण मला ती तशी सांगता येत नाही. कारण गाडी चालू राहिली असती, तर मी तिला पोचवून संध्याकाळी घरी येऊन जेवलो असतो.

स्थळ मीच आणलं होतं. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि तिचा नवरा माझ्या शेजारच्या लेथवर काम करायचा. त्याचा हात फार स्वच्छ होता, त्याने काढलेला भाग पुन्हा घासावा लागत नसे. ज्याचं काम इतकं नीट तो माणूसही नीटच असणार, असं मी धरून चाललो आणि वडिलांना तसं सांगितलं. त्याचं घर शहाडच्या बाजूला, सिंधी निर्वासितांच्या कॅम्प एकच्याही पलीकडे शेतात होतं. दसऱ्याला बहीण माहेरी आली ती गप्प होती. आईने विचारलं तर म्हणाली, "काही नाही, बरं आहे." मी विचारलंही नाही. सासूचा निरोप होता, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत सून घरात हवी.

गाडी कॅम्पमधल्या एका सिंधी गृहस्थांची. सगळे त्यांना दादा म्हणत. लष्कराच्या लिलावातली जुनी बंद डब्याची गाडी घेऊन त्यांनी तिला डिझेल इंजिन बसवलं होतं, आणि आमच्या खरवई गावची भाजी ते कॅम्पच्या बाजारात नेत. दसऱ्याला गाडी आमच्या अंगणात उभी होती. टाकी काठोकाठ भरून त्यांनी बहिणीला हाक मारली, "बेटी, तुझ्या हाताने पूजा कर. घरची लक्ष्मी आहेस." तिने हळदकुंकू कालवून इंजिनाला, चाकांना, दिव्यांना, दिसेल त्या लोखंडाला बोटं लावली, अक्षता चिकटवल्या, झेंडूची माळ घातली. तेवढा एक तास ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून निघालो. मी पुढे दादांशेजारी. ती मागे डब्यात, वांग्याच्या पाट्या आणि तिची ट्रंक यांच्यामध्ये. मागच्या दाराला कडी होती ती बाहेरून, आणि इतकी घट्ट की हातोडीने ठोकून बसवावी लागे. आमच्या पाठीमागे जाळीची एक लहान खिडकी होती, तिच्यातून तिचा आवाज येई.

चढावर गाडीने दोन गचके दिले आणि इंजिन गप्प झालं. दादांनी स्टार्टर मारला. इंजिन फिरे, पण पेट घेईना.

"इंजिन बंद करायची दांडी ओढलेली राहिली का?" मी विचारलं.

"अरे साईं, मी काय नवा आहे? दांडी आत आहे. डीजल फुल आहे. कल शाम को भरला."

मी बॉनेट उघडलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. स्वच्छ डिझेल यायला हवं होतं. थोडा फेस आला आणि मग तोही थांबला. म्हणजे टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं.

"भाऊ, झालं का?" जाळीतून बहिणीने विचारलं. "आत फार उकडतंय. कडी काढ ना जरा."

"आत्ता निघतोच आहोत. बस."

टाकीकडून येणारी नळी पंपापाशी सोडली आणि तोंडाने जोरात फुंकलं. टाकीत बुडबुड ऐकू आली. नळीत कचरा असलाच तर गेला, असं मी मनात म्हटलं. नळी जोडली, हवा काढली, आणि इंजिन लगेच लागलं. दादांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या मोरीपर्यंत गेलो आणि पुन्हा तसेच गचके, तीच शांतता.

"फिटर आहेस ना तू?" दादा म्हणाले. "की कारखान्यात फक्त हजेरी लावतोस?"

मी पुन्हा खाली उतरलो. डिझेलची चव तोंडात होती, ऊन तापलं होतं. फिल्टर खोलला, तो स्वच्छ होता. नळीचे जोड तपासले, कुठे पाझर नव्हता. तिने पुन्हा हाक मारली असेल, मला नक्की आठवत नाही. मी "दोन मिनिटं" म्हणालो, एवढं आठवतं.

मग ती म्हणाली, "राहू दे. मला सवय आहे."

आवाजात राग नव्हता, म्हणून मी मान वर केली. "कसली सवय?"

"तिथंही बाहेरूनच कडी असते."

मी हातोडी घेऊन मागे गेलो आणि कडी ठोकून काढली. ती घामाने भिजली होती. उतरून गाडीच्या सावलीत उभी राहिली आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगू लागली. सकाळी सगळे बाहेर पडले की सासू दाराला कडी घालते. नवी सून आहे, घाबरेल, म्हणते. संध्याकाळी पहिला जो येईल तो काढतो. एकदा चुलीतून ठिणगी उडून सरपणाने पेट घेतला, तेव्हा तिने पिण्याच्या पाण्याचा हंडा ओतून विझवलं आणि दिवसभर तहानलेली बसली.

"आणि तो? तो काय म्हणतो?"

"कडी नीट बसत नव्हती. त्यांनीच कानशीने घासून नीट केली."

मी काय केलं, तर पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं. आधीच घट्ट असलेले नट आवळत राहिलो. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून.

ती टाकीपाशी टेकली होती. "मी लावलेलं कुंकू अजून तसंच आहे," ती म्हणाली.

मी जाऊन पाहिलं. टाकीच्या झाकणावर तिने मधोमध मोठं बोट लावलं होतं. कालवलेली हळद आणि कुंकू वाळून टणक झालं होतं, त्यात तांदळाचे दाणे रुतले होते. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. डिझेल जसं कमी होईल तशी त्यातून टाकीत हवा जाते. ते बुजलं की पंपाने कितीही ओढलं तरी डिझेल सुटत नाही. मी नळीतून फुंकलेली हवा टाकीत गेली होती, तेवढ्यावर गाडी मोरीपर्यंत आली होती.

मी बोट पुढे केलं तसे दादा ओरडले, "पुसू नकोस! देवाचं आहे!"

"दादा, मी लावलंय," ती म्हणाली, "मीच पुसते."

तिने झाकण फिरवलं. टाकीने सूंऽऽ करून लांब श्वास घेतला. बांगडीला अडकवलेली पिन काढून तिने कुंकवाची खपली टोकरली आणि भोक मोकळं करून झाकण उजेडात धरलं. मी हवा काढली. इंजिन लागलं आणि या वेळी लागलेलंच राहिलं.

"चलो, बैठो," दादा म्हणाले.

ती कुणी न सांगता डब्यात चढली आणि ट्रंकेला पाठ लावून बसली. मी दार लोटलं, कडी हातात धरली. दुसऱ्या हातात हातोडी होती. ठोकायला हात उचलला, पण तो खाली येईना.

"दादा, गाडी वळवा."

"काय? बंद होती तेव्हा पुढे जायचं होतं, चालू झाली तर मागे?"

मी त्यांना कडीचं सांगितलं. त्यांनी मान वळवून जाळीतून मागे पाहिलं. "आणि माझी वांगी?" मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे. वांग्याला सासू नाय. थांबतील."

दार सुतळीने अर्धं उघडं बांधलं आणि आलो तसे परत फिरलो.

वडील ओटीवर बसले होते. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच, "गाडी बंद पडली."

पुन्हा बंद पडेल या भीतीने दादांनी इंजिन चालूच ठेवलं होतं. अंगणात ते धडधडत होतं आणि ओटीवरचा पाण्याचा तांब्या थरथरत होता. वडिलांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही?"

मग मी सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"आत्ता. वाटेत."

"रोज त्याच्या शेजारी काम करतोस. कधी विचारलं नाहीस?"

"नाही."

"मीही नाही," ते म्हणाले. चपला न घालताच ओटीवरून खाली उतरले, गाडीच्या मागे गेले आणि सुतळी सोडू लागले. गाठ मी घट्ट मारली होती. ती त्यांना लवकर सुटेना.